नातेवाईक सोबत आणावा

ता. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. पोट इतकं पुढे आलंय की चष्म्याच्या काचा घासायच्या मशीनपर्यंत हात पोचत नाहीत, म्हणून मालकांनी मला फ्रेमचे स्क्रू बसवायला बसवलंय. नवरा बेकरीतून येताना रोज पाव आणतो आणि तो मीच खावा म्हणून समोर बसून राहतो. थोरला माझ्या पोटावर बोटं टेकवून बाळाशी खुणांनी बोलतो. त्याच्या मते आत दिवा आहे.

आता खरी बातमी. आमच्या कर्णबधिर मंडळाने इस्पितळाकडे दुभाषी मागितलाय. आमच्यापैकी कुणी दाखल झालं, तर डॉक्टरांचं बोलणं खुणांत आणि आमच्या खुणा बोलण्यात सांगणारं माणूस तिथे असावं, एवढंच मागणं. अधीक्षकांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि एक भुवई वर चढवून सांगितलं की त्याची काही गरज नाही, पेशंटने एखादा नातेवाईक सोबत आणावा. त्याच दिवसापासून मंडळात त्यांचं नाव भुवई पडलं. बोटाने भुवई वर ओढायची की झालं नाव.

थोरल्याच्या वेळी सासूबाई माझ्यासोबत नातेवाईक म्हणून होत्या, तुला आठवत असेल. तो जन्मला आणि त्याला उचलून दुसरीकडे नेलं. मी सगळ्यांचे हात धरून विचारत होते आणि सगळे माझा खांदा थोपटत होते. पोर गेलं असं मी धरून चालले. त्याला नुसती कावीळ होती आणि दिव्याखाली ठेवला होता, हे मला दुसऱ्या दिवशी झाडूवालीने खुणांनी सांगितलं. या वेळी मला तसं व्हायला नको आहे. बाकी काहीही होऊ दे.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना पापे. तुझा लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र वाचून जीव थाऱ्यावर राहिला नाही. या अवस्थेत मोठ्या डॉक्टरांशी कशाला भांडत बसतेस? उद्या त्यांच्याच हाताखाली जायचंय तुला. मी येते की तुझ्याबरोबर. तुला शाळेत सोडायला मी, खुणा शिकायला मी, दुकानदारांशी घासाघीस करायला मी. तुझ्या आईला पाठ टेकायला वेळ नव्हता तेव्हा तुझं तोंड आणि तुझे कान मीच होते. माझ्याहून चांगला नातेवाईक भुवईला कुठे मिळणार?

इथे सगळं ठीक. मात्र हल्ली लोकांना स्पष्ट बोलायची सवयच राहिली नाही. सूनबाई भाजीच्या पातेल्यात तोंड घालून बोलते, मुलगा तर ओठही हलवत नाही. दारावरची घंटा बिघडलीय असं मी म्हणते, तर सगळे एकमेकांकडे बघतात. मुलाने कानाचं मशीन आणून दिलंय. म्हाताऱ्या माणसांना उपयोगी पडेल, म्हणून मी ते कपाटात नीट ठेवलंय.

आणि एक विचारायचं राहिलं. मंडळात मला हाक मारताना सगळे हात खांद्यापासून पुढे ढकलतात, ते माझं नाव ना? मी शेजारणीला सांगितलं की त्याचा अर्थ पुढे धावून जाणारी, मदतीला तत्पर अशी. बरोबर आहे का, कळव.

प्रकृतीला जप. आत्यावर माया आहे तशी राहू दे.

तुझी,
आत्या


ता. १९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू येणार म्हणून आनंद झाला. पण बाळंतपणाच्या खोलीत नातेवाईक म्हणून तू नको. रागावू नकोस, रागावायचंच असेल तर पूर्ण वाचून रागाव.

तुझ्या नावाचा अर्थ तत्पर असा नाही, तो ‘नंतर’ असा आहे. मीच ठेवलंय, शाळेत असताना. जेवायला बसलं की बाबा काहीतरी सांगायचे, सगळे पोट धरून हसायचे. मी तुझी बाही ओढून विचारायचे की काय झालं. तू हसता हसता हात पुढे ढकलायचीस, नंतर सांगते. त्यातलं एकही तू नंतर सांगितलं नाहीस. तुझं माझ्यावर प्रेम होतं, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. पण आत्या, नातेवाईक असाच असतो. तो आपल्या जिवाला जपतो आणि मधलं सगळं गाळतो. दुभाष्याला आपल्या जिवाची काळजी नसते, म्हणून तो सगळं सांगतो.

शिवाय तुझ्या पत्रातलं सगळं जग तोंडातल्या तोंडात बोलायला लागलंय, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते आधी तुला कोण सांगणार, हाही प्रश्न आहेच.

आता तुझ्यासाठी काम. मंडळाचा वार्षिक मेळावा पुढच्या महिन्यात आहे आणि प्रमुख पाहुणे म्हणून भुवईंना बोलावलंय. ते खुशीत आहेत, हार-तुरे आणि भाषण असेल असं त्यांना वाटतंय. कार्यक्रम सगळा खुणांत होईल, आवाज एक नाही. मास्तरीणबाई, म्हणजे आमची दुभाषी, जिचे आईवडील दोघेही ऐकू न येणारे आहेत, ती पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसेल. भुवईंना काही कळलं नाही तर त्यांच्यासाठी नियमाप्रमाणे एक नातेवाईक हवा. त्यांच्याशेजारची खुर्ची तुझ्यासाठी राखून ठेवलीय. तू फक्त तुझ्या सवयीने वाग.

राग आला असेल तर तोही सोबत घेऊन ये, लोभाबरोबर मावेल.

तुझी,
भिंगरी


ता. २८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं पत्र फाडणार होते. मग पुन्हा वाचता यावं म्हणून फाडलं नाही. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही, आणि घरात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, याचा आणखी राग आला.

काल जेवताना नातवाने काहीतरी सांगितलं आणि सगळे हसायला लागले. सूनबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं इतकं हसली. मी तिला विचारलं की काय झालं. ती म्हणाली काही नाही, नंतर सांगते. गरीब आहे पोरगी, मनात काही नव्हतं तिच्या. माझा घास मात्र तोंडातच राहिला.

गाडीचं तिकीट काढलंय. भुवईच्या डाव्या बाजूची खुर्ची ठेव. माझा डावा कान जरा, म्हणजे, त्या बाजूला मला वारा लागतो.

तुझी,
आत्या


ता. २२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. स्टेशनवर तू सारखी विचारत होतीस की आमच्या खुर्च्यांवर काय बोलणं झालं. गाडी सुटायची वेळ झाली होती, म्हणून मी हात पुढे ढकलला, आणि तू डोळे वटारलेस. आता सगळं लिहिते. एकही शब्द गाळत नाही.

दिवे उघडझाप करून तुम्ही कार्यक्रम सुरू केलात, तेव्हाच भुवई दचकले. त्यांना वाटलं वीज चालली. मग अध्यक्षांचे हात सुरू झाले आणि सगळी सभा खिदळायला लागली. त्यांनी मला विचारलं की काय म्हणताहेत. मी सांगितलं, स्वागत केलंय. इतका वेळ नुसतं स्वागत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तसंच काहीतरी, विशेष नाही. मग सगळे त्यांच्याकडे बोट दाखवून भुवया ओढायला लागले. हे माझ्याबद्दल चाललंय का, असं ते दोनदा म्हणाले. दोनदा, कारण पहिल्यांदा मला ऐकू आलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं की तुम्ही चहा घ्या, गार होतोय.

त्यांनी मास्तरीणबाईंना हाताने बोलावलं. तिने तिथूनच नम्रपणे सांगितलं की आपल्यासोबत नातेवाईक आहेत ना, मग माझी गरज नाही. त्यावर त्यांची भुवई जी चढली ती खाली येईना. खोटं कशाला सांगू, मला इतकी मजा बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

मग तू उभी राहिलीस. थोरल्याच्या वेळचं सांगायला लागलीस. ते मी पत्रात वाचलं होतं, पण पत्रात तुझे हात नव्हते. तू रिकामे हात छातीशी धरून झुलवलेस, आणि सभेत कुणी हललं नाही. भुवई माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज खाली गेला होता, मी त्यांचे ओठ बघूनच समजले. त्यांनी विचारलं, मूल गेलं का हिचं?

माझा हात सवयीने खांद्यापाशी गेला होता, भिंगरी. तो पुढे ढकलता आला नाही. ठरवलेलं नाटक मी मोडलं आणि त्यांना सगळं सांगितलं, दिव्याखाली ठेवलेलं पोर, थोपटणारे हात, झाडूवाली. मी मोठ्याने बोलत होते म्हणे, मागच्या रांगेतल्या मास्तरीणबाईंच्या नवऱ्यालाही सगळं ऐकू गेलं. भुवईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग उभे राहिले आणि मास्तरीणबाईंना म्हणाले की कृपा करून इथे या, मला पहिल्यापासून सगळं सांगा, माझ्याबद्दल हसत होते तेही.

पुढचं तू पाहिलंसच. तुमचं ठरलेलं नाटक बिघडवलं म्हणून मला मंडळातून काढलं नाही ना, तेवढं कळव. आणि हो, कपाटातलं मशीन मी काढून ठेवलंय. घातलं नाही, काढून ठेवलंय.

जिवाला जप. म्हातारीवर लोभ कर, ती सुधारतेय.

तुझी,
आत्या


ता. १७ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली. आम्ही दोघी छान आहोत.

भुवईंनी मेळाव्यात दिलेला दुभाष्याचा शब्द पाळला. आता इस्पितळाच्या दारातच पाटी आहे की खुणांच्या भाषेचा दुभाषी बोलावून मिळेल. पहिला मान मला मिळाला. मास्तरीणबाई माझ्या उशाशी उभी राहिली आणि तिने खरोखर सगळं सांगितलं. आत्या, माणसं किती बोलतात गं. डॉक्टरीणबाई नर्सला सांगत होत्या की त्यांची स्कूटर चढावर बंद पडते. नर्स म्हणत होती की नवे पडदे आजारी रंगाचे आहेत. मला कळा येत होत्या आणि मी हसत होते, म्हणून डॉक्टरीणबाई घाबरल्या आणि काय झालं ते मास्तरीणबाईला विचारलं. मी उत्तर दिलं की पडद्यांबद्दल नर्सचं बरोबर आहे.

मग मास्तरीणबाईने एकदम हात वर करून सांगितलं, रडली. थोरला कधी रडला ते मला आजही माहीत नाही. हिचं मला त्याच क्षणी कळलं. तिला उचलून बाजूच्या टेबलावर नेलं तेव्हा मी विचारलं, आणि मला लगेच सांगितलं की पुसताहेत, वजन करताहेत, आणताहेत. आणलीच. एवढंच हवं होतं गं मला.

संध्याकाळी भुवई आले. दारात थांबून त्यांनी बोटाने स्वतःची भुवई वर ओढली, म्हणजे स्वतःची ओळख करून दिली. मी त्यांना आत बोलावलं.

मंडळाने तुझं नाव बदलायचा ठराव आणला होता. मी विरोध केला. कमावलेलं नाव आहे, ते राहू दे. घरात सर्वांना माझा नमस्कार सांग, मशीन घाल, आणि लोभ आहे तो आता दोन वाट्यांत वाढ.

तुझी,
भिंगरी

ता. क. मुलीला ऐकू येतं का, हे विचारायला तुझा हात शिवशिवत असेल. तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मास्तरीणबाईने शब्दन्‌शब्द माझ्यापर्यंत पोचवलं, आणि मी मुलीला पाजायला घेतलं. तुला नंतर सांगते.