तुला रामेश्वरला पोचवून आलो

बाबा, या मासेमारीच्या बंदीत आम्ही तुला पोचवून आलो. पार रामेश्वरला. मी, आई, आत्या आणि तुझा मुलगा. बोर्डीला ज्या होमस्टेच्या पाहुण्यांची मी ने-आण करते, त्या होमस्टेचीच जुनी सात सीटर घेतली होती. गाडी मी चालवली. हे मुद्दाम सांगते, कारण तू असतास तर पहिलं हेच विचारलं असतंस, गाडीवर कोण. मी. जाताना पण आणि येताना पण. बाकीचं जग मे महिन्यात फिरतं. आपली माणसं मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढल्या, ताडपत्र्या बांधल्या की मग निघतात, म्हणजे भर पावसात. म्हणून आपण बघितलेली सगळी देवळं ओली असतात. पण धबधबा आटलेला बघून परत आलोय असं आपल्यात कोणाचं झालेलं नाही.

तू गेलास तेव्हा मी नववीत होते. बोट आली, बाकीचे उतरले, तू नाही. जाळं सोडताना पडला, म्हणाले. चार बोटी गुजरातच्या हद्दीपर्यंत फिरून आल्या आणि हात हलवत परतल्या. आणि जो सापडत नाही त्याला आपल्याकडे मेलेला धरत नाहीत, बारा वर्षं वाट बघतात. तोवर त्याच्या बायकोचं कुंकू राहतं, बांगड्या राहतात, नारळी पुनवेला बोटीची पूजा करायला तिला पुढे बोलावतात. बारा वर्षं भरली की दर्भाचा माणूस करून त्याचं सगळं करायचं आणि त्याच दिवशी बायकोचं कपाळ पुसायचं. तुझी बारा यंदा भरली. दिवाळीनंतर तुझ्या मुलाचं लग्न आहे. आत्याने ठरवलं, लग्नाआधी हे उरकायचं, आणि गावात नको, रामेश्वरला. "माझा भाऊ ना इथला ना तिथला, असा लटकलाय," म्हणाली, "त्याच्या पोराला हळद कशी लावायची?" मग जातोच आहोत तर वाटेतला धबधबा बघू, तलाव बघू, मदुराई करू, अशी त्याची सहल झाली. आपल्या घरात दुःखाला पण डबे भरून निघायची सवय आहे.

माझं भांडण कशावरून होतं ते नीट ऐक. तू गेलास हे घरात पहिल्यापासून मी एकटी म्हणत आले. आई म्हणायची, "येतील." बारा वर्षं तेच. तलासरीच्या बाजारात सुकी मासळी मांडून बसली असताना कोणी विचारलं तरी तेच, "येतील." बायका मान हलवून पुढे जायच्या. मला राग यायचा, मी ओरडायचे तिच्यावर. तेव्हा तुझे दिवस घालायला माझी काहीच हरकत नव्हती. हरकत होती ती कपाळाला. आत्या ओट्यापाशी बसून बोंबलांची डोकी काढत होती तेव्हा मी तिला सरळ म्हटलं, "आई पहिलीत असल्यापासून टिकली लावते. तेव्हा बाबा होता कुठे? त्याने आणलेलं नाही, तर त्याच्याबरोबर जाईल कसं?"

आत्या तिशीत विधवा झाली, तुला माहीत आहे. तिने मान वर केली नाही. "माझं पुसलं तेव्हा कुठे होतीस बोलायला?"

"जन्मले नव्हते."

"मग आत्ता कशाला जन्म घेऊन बोलतेस."

आई शेजारीच तांदूळ निवडत होती. तिने एक खडा काढून बाजूला टाकला. मला वाटलं, ही बाई अजून तुझी वाट बघत्येय, हिच्यापुढे काय बोलायचं.

तू मला एकदाच मारलंस, आठवतंय? सहावीत होते. आईबरोबर तलासरीच्या बाजारात गेले होते आणि ती गिऱ्हाइकाशी बोलत असताना सटकले. हायवेवर गेले. काही करायचं नव्हतं, ट्रक बघायचे होते. कुठला कुठून आलाय ते पाटीवरून ओळखत चालत राहिले, चालत राहिले, गुजरात दिसायला लागला. संध्याकाळी तू कोणाची तरी मोटरसायकल घेऊन आलास. मी एका ढाब्यासमोर खाटेवर बसल्येय, ढाबेवाल्याने दिलेला चहा पित्येय, आणि तू तुझा तो डावा खांदा पाडून चालत येतोस, समोर उभा राहतोस. काही बोलत नाहीस. मला मागे बसवतोस. खाडीपाशी गाडी थांबवून एक थोबाडीत ठेवून देतोस आणि म्हणतोस, "भरकटलेली होडी ज्याला सापडेल त्याची. ती आपली राहत नाही." मग घरी माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीचा तळलेला तुकडा टाकतोस. मार लक्षात नाही. ते होडीचं वाक्य मात्र इतकी वर्षं मी गाडीत घेऊन फिरले. आता तुलाच विचारते, भरकटलं कोण? मी नाशिकला गेले, दीवला गेले, गोव्याला एक अख्खा सीझन राहिले, शाळा तर कधीच सुटली, आणि प्रत्येक वेळी डिझेल भरून घरी परत आले. मी कोणाला सापडले नाही. तू गेलास तो सरळ मार्गाने, रोजच्या वेळेला, सगळ्यांना सांगून. आणि नाही आलास. तेव्हा मुलीच्या जातीने कुठे जावं न जावं हे निदान तुझ्याकडून तरी मी ऐकणार नाही.

विषय कुठल्या कुठे गेला. रस्त्याचं सांगत होते.

तुझा मुलगा. वादळात बोटीवर वडापाव खाणारा माणूस. सिरसीच्या पुढची वळणं लागली आणि त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं ते जोगचा धबधबा येईपर्यंत आत घेतलं नाही. आई त्याला लिंबू हुंगायला देते, आत्या पाठीवर हात फिरवते आणि म्हणते, "लग्नात घोड्यावर नको बसवू याला, चालतच ने." तो मला सांगतो, हळू घे. मी म्हणते, बोटीवर मला कधी घेतलंस का, मग माझ्या गाडीत गप बस. आत्याने विधी होईपर्यंत मासळी बंद केली होती. पण आईने स्टेपनीच्या खाली सुक्या बोंबलांचं एक पुडकं दडवलं होतं. आत्या सारखी नाक वर करायची, "वास येतोय गो." आई म्हणायची, "गाडी बोर्डीची आहे, वास येणारच." आणि भाषेचं म्हणशील तर आईने कर्नाटक, तामिळनाडू सगळीकडे गुजराती लावली. ज्याला मराठी कळत नाही त्याच्याशी गुजराती बोलायची, हा तिचा डहाणूचा हिशेब. गंमत म्हणजे माणसं उत्तरं द्यायची.

जोगला आम्ही पोचलो तर धबधबाच नाही. नुसतं धुकं. कठड्याला टेकून शंभरेक माणसं पांढऱ्या भिंतीकडे बघत उभी, आणि त्या भिंतीच्या मागून आवाज येतोय, पोटात घुसणारा. आत्या आणि तुझा मुलगा कठड्यावर गेले. आई मक्याचं कणीस घेऊन टपरीच्या ताडपत्रीखाली बसली. मला संधी मिळाली. म्हटलं, "आत्याच्या पिशवीत कोरा टॉवेल आहे. तुझं कपाळ पुसायला. तुला नको असेल तर तसं सांग. नुसतं येतील येतील करून आता भागणार नाही."

आई कणसाचे दाणे काढत होती. म्हणाली, "ते कुठे येतायत."

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"नाही येणार. चौथ्या दिवशीच मला कळलं. वारा जमिनीकडून होता सगळे दिवस. पडलेलं आत जातं, किनाऱ्याला लागत नाही. हे मला कोणी सांगायला पाहिजे का?"

"मग बारा वर्षं काय चाललं होतं?"

"गेले म्हटलं असतं तर त्याच पुनवेला मला मागच्या रांगेत उभं केलं असतं. वन्सं उभ्या राहतात तिथे. सकाळी पाटी घेऊन निघाले असते तर पहिलं तोंड माझं नको झालं असतं लोकांना. पदरात दोन पोरं. त्यातली तू अशी." तिने कणीस फिरवलं. "येतील म्हणायला काय लागतं? म्हटलं, येतील. कोणी हात लावायला आलं नाही."

अख्खं गाव जिची कीव करत होतं ती बाई गावाला खेळवत होती. मी पण त्या गावातलीच निघाले. तेवढ्यात माणसांनी ओरडा केला, धुकं फाटलं होतं, आणि चार धारा एकदम समोर, वरपासून खालपर्यंत. आईने उभं राहून बघितलं. "बरंच पाणी आहे," म्हणाली आणि परत खाली बसली. बाबा, तुला राग येत असेल तर येऊ दे. तुझ्या नावाची तिने ताडपत्री केली आणि तिच्याखाली आम्हाला वाढवलं. तुझा त्याहून चांगला उपयोग तू जिवंत असताना पण झाला नसेल.

पुढचं भराभर सांगते. कोडाईच्या तलावात पायडलची बोट घेतली. तुझ्या मुलाने पाय मारायच्या आधी वारा कुठला ते बघितलं. मदुराईत आत्याला कोणीतरी सांगितलं की देवीचे डोळे माशासारखे आहेत, तिच्या नावातच मासा आहे. आत्या खूश, "मग आपल्यातलीच बाई ही," आणि रांगेत पुढे घुसली. पण मला देऊळ धड दिसलं नाही. माझं लक्ष त्या टॉवेलच्या पिशवीवर होतं. आईने मला बजावलं होतं, तू मध्ये बोलायचं नाही.

रामेश्वरला किनाऱ्यावरच सगळं होतं. समुद्र तिथे आपल्या खाडीसारखा शांत, लाट म्हणून नाही. मराठी बोलणारे गुरुजी मिळाले. त्यांनी दर्भाची माणसं बांधतात तसा वीतभर माणूस बांधला, तो तू. तुझा मुलगा ओल्या धोतरात बसलाय, तीळ सोडतोय, आणि मला तुझा चेहरा आठवत नाही, दर्भाचाच दिसतोय. तुला पाण्यात सोडलं. मग आत्या उठली. टॉवेल भिजवून आणला आणि म्हणाली, "ये गो पुढे."

आई जागची हलली नाही. "वन्सं, पिंड झाला. त्यांचं होतं ते त्यांना पोचलं. हे माझं आहे."

"असं नसतं."

"नसतं, माहीत आहे."

"गावात काय सांगू मी? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हिला अजून वाटतंय नवरा येईल. बारा वर्षं तेच म्हणतायत, अजून म्हणू दे."

गुरुजी घसा खाकरून म्हणाले, "शास्त्रात असं आहे बघा..." आई त्यांना म्हणाली, "गुरुजी, तुमचं फार छान झालं," आणि पाया पडली. वाकलेल्या बाईला काय सांगणार? ते आशीर्वाद देऊन मोकळे झाले. आत्या टॉवेल धरून तशीच उभी. मला वाटलं आता रडेल, नाहीतर आईच्या अंगावर जाईल. तिने टॉवेल पिळला, स्वतःचं तोंड पुसलं, मान पुसली आणि गाडीकडे चालायला लागली. दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा पण मागच्या सीटवर एकटी जाऊन बसली. मदुराईत जेवायला बसलो, सांबार वाढलं, तेव्हा म्हणाली, "त्या पुडक्यात एखादा बोंबील ठेवलाय का तुम्ही सगळे संपवलेत?"

गावात आता बोलणी चालली आहेत. या पुनवेला आईला पुढे बोलावतील की नाही माहीत नाही. ती बोलावण्याची वाट बघणार नाही, नारळ घेऊन जाऊन उभी राहणार आहे. हळदीला पण तीच बसणार. मी आत्याला म्हटलं, तू पण बस तिच्या बाजूला. आत्या म्हणाली, "चल, चाळे नकोत." पण नको असंही म्हणाली नाही. कोणी काही बोललं तर मी आहेच, मला कुठे कोणाच्या घरी नांदायचंय.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. पाण्यात पण सोडणार नाही, तिथे कचरा आधीच पुष्कळ आहे. गाडीच्या कप्प्यात राहील आणि एक दिवस गाडीबरोबर विकलं जाईल.

फक्त एक सांगते, हे घरात कोणाला माहीत नाही. विधीच्या दुसऱ्या दिवशी, रामेश्वरहून निघायच्या आधी, मी म्हटलं टायरमध्ये हवा भरून येते. आणि जेट्टीवर गेले. तिकडची बंदी आपल्या आधी संपते, पहाटेच्या बोटी लागत होत्या, माणसं उतरत होती, पाट्या वर येत होत्या. मी कडेला उभी राहून एकेकाचं तोंड बघत होते. पन्नाशीच्या पुढचा, डावा खांदा जरा पाडून चालणारा. शेवटची बोट रिकामी झाली तेव्हा ऊन चढलं होतं. हवा न भरताच परत आले.