भिंतीसाठी माणसं

सोमवार, ९ जानेवारी २०१७

पब आला नाही! अख्खा पब आयर्लंडहून कंटेनरमध्ये भरून निघालाय. काउंटर, दारं, लाकडी पार्टिशनं, फरशा, सगळं. आणि तो कंटेनर वाटेत कुठेतरी बर्फात उभा आहे. फ्रीसेनसाहेबांना मात्र ओपनिंग सतरा मार्चलाच हवं, सेंट पॅट्रिकच्या दिवशी. मालक स्वतः मेनोनाइट, कर्मठ ख्रिस्ती पंथातले. आजोबांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नाही हे अभिमानाने सांगतात. डिझाइन करणारी मी, सांगलीची. आणि बोर्डावर काय? अस्सल आयरिश!

बाहेर कॅनडातला जानेवारी, उणे एकतीस. रात्री गाडीच्या इंजिनाचा हीटर प्लग इन करायला विसरले. नंदनने ते दोनदा बोलून दाखवलं. नवऱ्याचं कामच ते.

गुरुवार, १२ जानेवारी

मोहनचा फोन. आईचा विश्रामबागचा फ्लॅट विकला गेला, ३१ मार्चला ताबा द्यायचाय. "ताई, तुला काय हवं ते एकदाच सांग, मग मला नावं ठेवू नकोस."

भांडी नकोत, साड्या नकोत. मला एकच गोष्ट हवी — आईचा तो फोटो. लग्नाआधीचा. दोन वेण्या घालून उभी आहे, हातात पुस्तक, शेजारी फुलदाणीचं उंच स्टूल. मी नऊ वर्षांची असताना तिने माळ्यावरच्या ट्रंकेतून काढून दाखवला होता आणि लगेच परत ठेवून दिला. "काय बघायचंय त्यात!" आई जाऊन सव्वा वर्ष झालं. तिचे बाकीचे फोटो म्हणजे कुणाच्या तरी लग्नातले, कडेला अर्धी कापली गेलेली, हातात वाढायचं पातेलं. हा एकच तिचा एकटीचा. तो मला पाहिजे म्हणजे पाहिजे.

मोहन म्हणतो, "माळ्यावर कोण चढणार? माझी कंबर बघितलीस का?"

शुक्रवार, २० जानेवारी

आला! कंटेनर आणि त्याच्याबरोबर डेक्लन. आयर्लंडचा सुतार, साठीचा, जगभर असले पब बसवत फिरतो. दुबईत चार बसवले म्हणे. माझ्या ड्रॉइंगकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "दिवे फार आहेत. कोपरे कमी आहेत." तीन महिने घालवलेत मी त्या ड्रॉइंगवर!

राग आला. मग घरी येऊन परत बघितलं. दिवे फार आहेत.

मंगळवार, २४ जानेवारी

आज स्नगवरून भांडण. स्नग म्हणजे काउंटरला लागून एक खोलीवजा खोका, दाराला धुरकट काच, काउंटरच्या बाजूला हातभर खिडकी. पूर्वी बायकांनी उघड्यावर बसून प्यायची सोय नव्हती. त्या आत बसायच्या, खिडकीतून ग्लास यायचा, कोणी कोणाला बघायचं नाही. डेक्लन म्हणतो, बायका, पाद्री आणि पोलीस, तिघांची एकच जागा.

फ्रीसेनना तो काढून तिथे मोठा टीव्ही लावायचा होता. "हू नीड्स अ क्लोझेट?" मी म्हटलं, स्नग गेला तर तुमचा पब आणि एअरपोर्टवरचा बार यात फरक काय? एवढ्या मोठ्याने बोलले की प्लंबर थांबून बघायला लागला. स्नग राहिला. टीव्ही शेकोटीवर गेला. शेकोटी गॅसची, वर हॉकी! चालायचंच.

गुरुवार, २ फेब्रुवारी

छताला धूर लावला. खरंच. शंभर वर्षं लोकांनी आत सिगारेटी, पाइप ओढल्यासारखं पिवळट-तपकिरी दिसलं पाहिजे. इथे आत सिगारेट ओढायला बंदी, पण धुराचा रंग हवा! वॉर्निशमध्ये रंग मिसळून स्पंजाने टेकवत बसलो. मान आखडली. दिवाळीच्या आधी आईबरोबर स्वयंपाकघराचं छत घासायचे ते आठवलं. तिथे काजळी काढायची, इथे लावायची, आणि पगार लावण्याचाच मिळतो.

बुधवार, ८ फेब्रुवारी

मोहन अजून माळ्यावर चढलेला नाही. म्हणे धुळीची ॲलर्जी.

सोमवार, १३ फेब्रुवारी

शेवटची खोकी उघडली. शिवणयंत्रं, दुधाचे कॅन, पाट्या-पेन्सिली, आणि चौसष्ट फ्रेमा. सगळी माणसं! नवरी, कडेवर मूल घेतलेली बाई, लष्करी टोपीतला पोरगा, शाळेचा अख्खा वर्ग. खोक्यावर शिक्का, "फॅमिली, मिक्स्ड". किलोवर घेतलेली.

डेक्लनला विचारलं, ही कोण? त्याने खांदे उडवले. म्हातारी जाते, मुलं बॉस्टनला नाहीतर सिडनीला. घर विकायचं असतं. व्हॅनवाला येतो, सगळं उचलून नेतो. "चांगलं लाकूड असेल तर मी आधी बघतो. फोटो कोणी बघत नाही." मागे नाव लिहिलेलं असेल म्हणून मी सगळ्या फ्रेमा उलटून बघितल्या. दोनवर स्टुडिओचा शिक्का. बाकी कोऱ्या.

कसली मुलं असतील ही? आईबापांचे फोटो किलोवर देतात! संतापच आला. हात धुऊन आले तरी धूळ जाईना.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

कालचं कमी होतं म्हणून आज फ्रीसेनची नवी कल्पना. प्रत्येक फोटोखाली पितळी पाटी. नाव, गाव आणि एक छोटीशी गोष्ट. "पीपल लव्ह स्टोरीज." लिहिणार कोण? "यू आर द क्रिएटिव्ह वन!" वीस पाट्या, शुक्रवारपर्यंत. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसले. मला ना, नाही म्हणणं जमतच नाही.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

अकरा लिहून झाल्या. 'ब्रिजी मावशी, हिने या काउंटरवर नाच केला.' कुठला काउंटर! तो डिसेंबरात कापलाय. यामिनी मागून वाचत होती. "मॉम, धिस इज लिटरली लाइंग." अकरा वर्षांची पोर मला सत्य शिकवते. नंदन म्हणाला, "तुझी आई डिझायनर आहे, तिला माफ असतं."

सगळ्यात वाईट म्हणजे मला जमायला लागलंय. एक नवरी होती एकटी, तिच्या शेजारी भिंतीवर जागा उरत होती. एक मिशीवाला उचलला, शेजारी लावला, पाटीवर दोघांचं लग्न लावून टाकलं, १९०४. डेक्लन शिडीवरून म्हणाला, "तिने त्याच्याशी कधीच लग्न केलं नसतं." मी म्हटलं, साईज जुळते.

रविवार, ५ मार्च

आज सुट्टी नाहीच. मी साइटवर असताना मोहनचा फोन. एकदाचा चढला माळ्यावर! ट्रंक उघडली. आत पांघरुणं, लग्नपत्रिका, आणि तीन फ्रेमा. एकीत सत्यनारायण, एकीत बाबांचा ऑफिसातला ग्रूप फोटो. तिसरी — "बाई आहे कोणीतरी. फोटो पार पिवळा पडलाय. खुर्चीत बसलीय. लय रागात बघतीय."

उभी नाही? "बसलीय की." वेण्या? "अंबाडा आहे." पुस्तक? "पुस्तकबिस्तक काही नाही, हात मांडीवर."

मग ती नव्हेच. आई उभी आहे, मला पक्कं आठवतंय. ही बाबांची मिरजेची मावशी असणार. ती जन्मभर सगळ्यांवर चिडलेली होती म्हणे. मोहन म्हणाला, "फोटो काढून पाठवतो, बघून घे की." इकडे फ्रीसेन पाट्यांच्या स्पेलिंगवरून कावलेले, स्नगचं दार घासतंय, डेक्लन माझ्या नावाने हाका मारतोय. मी ओरडलेच. "नको पाठवूस! त्या मावशीला घेऊन मी काय करू? दे बाकीच्या सामानाबरोबर. तू आईचा शोध!"

फोन ठेवल्यावर रडायला आलं. सात हजार मैलांवरून कोणाला काय सांगायचं! जाऊन स्नगमध्ये बसले पाच मिनिटं. आत काहीच दिसत नाही, बाहेरून कोणी बघत नाही. त्या बायकांची सोय चांगली होती.

शुक्रवार, १७ मार्च

ओपनिंग झालं. गर्दी इतकी की दार लागेना. तीन तास उभी होते, डिझाइनबद्दल एकानेही विचारलं नाही. म्हणजे चांगलं झालं असणार, असं डेक्लन म्हणतो. कुणी छताकडे बघितलं की समजायचं, चुकलं.

एक बाई ब्रिजीची पाटी वाचून मैत्रिणीला सांगत होती, अगदी माझ्या ग्रॅनीसारखी आहे. डोळे पुसत होती! आणि फ्रीसेन चौथ्या टेबलापर्यंत पोचेपर्यंत "अवर ब्रिजी" म्हणायला लागले. मला हसावं की ओरडावं कळेना.

मग कोपऱ्यातला फिडलवाला थांबला आणि एक म्हातारा बसल्या जागी गायला लागला. माइक नाही, काही नाही. डेक्लनने सगळ्यांना गप्प केलं. गाणाऱ्यासमोर बोलायचं नसतं, ग्लाससुद्धा खाली ठेवायचा नाही. एवढा गोंगाट, आणि अख्खी खोली चिडीचूप. दोन महिन्यांत तेवढी एकच गोष्ट आम्ही बनवली नव्हती.

डेक्लन उद्या परत जातोय. निघताना टोपी काढून त्या भिंतीसमोर उभा राहिला. "देव यांचं भलं करो. जे कोणी असतील ते."

सोमवार, २० मार्च

मोहनशी भांडण. फ्लॅट रिकामा झाला. सामान एका मिसळवाल्याने नेलं. हायवेला हॉटेल काढतोय, सजवायला जुनं लागतं म्हणे. आणि फोटो? "नाहीच निघाला, ताई. मी काय करू?"

मी नको ते बोलले. म्हटलं, तू नीट शोधलंच नाहीस. तुला आईचं काही पडलेलंच नव्हतं. किलोवर देणाऱ्यांतला तू! त्याला ते कळलंच नाही, अर्थात. तो म्हणाला, "शेवटचे सहा महिने तिची अंघोळ आम्ही घातली. तू फोटो मागतीयस." आणि ठेवला फोन.

खरं आहे त्याचं. पण फोटो गेला तेही खरं आहे. आईचं तरुणपणचं तोंड आता जगात कुठेच नाही, फक्त माझ्या डोक्यात. उभी, दोन वेण्या, पुस्तक.

शुक्रवार, २४ मार्च

मोहनचा फोन नाही. मीही केला नाही.

मंगळवार, २८ मार्च — पाडवा

गुढी बाल्कनीत उभारली. वारा असा की तांब्या दोन वेळा पडला. खालच्या कॉन्डोतली बाई वर बघून हात हलवत होती, सगळं ठीक आहे ना म्हणून! श्रीखंड दुकानातलं.

सकाळी मोहनचाच मेसेज आला. बरं वाटलं. भाऊ आहे शेवटी. त्या मिसळवाल्याने पाडव्याचा मुहूर्त साधला, त्याचे फोटो. "तुझ्या लाईनमधलं आहे, बघ की. तो विचारतोय, कॅनडातल्या ताईंना काही सुचतंय का."

पहिल्याच फोटोत दारात आमचा बंब! त्याला आता फुलं वाहिलीत. बाबांची सायकल भिंतीवर टांगलेली. फडताळाची दारं ओळखली, खालचा ओरखडाही ओळखला — मोहनच्या लोखंडी ट्रकने काढलेला. मग गल्ल्यामागची भिंत. मधोमध ती मिरजेची मावशी, खुर्चीत बसलेली, मोहन म्हणाला तशीच रागात, शेजारी कुठून तरी आणलेला फेटेवाला, खाली पाटी — 'आमचे पणजोबा-पणजी, १९२१, मूळ मसाल्याचे मानकरी'. १९२१! बाईच्या ब्लाउजच्या बाह्या सरळ सरळ पासष्ट-सहासष्ट सालच्या. एवढंसुद्धा बघत नाहीत! मी खूप हसले, बऱ्याच दिवसांनी.

मग शहाणपणा लिहून पाठवला. ट्यूब लाइट काढा, पिवळे दिवे लावा, कमी लावा. बंब दारात नको, आत घ्या. जोडी जमत नाही, दोघांच्या फोटोंचे रंग वेगळे आहेत. आणि गल्ल्यामागे असा चिडका चेहरा ठेवू नये, गिऱ्हाईक बिचकतं. बाईंना आत बोळात न्या, हात धुवायच्या बेसिनपाशी.

मोहनने हसण्याच्या चार बाहुल्या पाठवल्या. चला, एक भांडण मिटलं.

बुधवार, २९ मार्च

यामिनीला गंमत म्हणून तो गल्ल्यामागच्या भिंतीचा फोटो दाखवला. ती हसली नाही. "मॉम, आजी ऑल्वेज सॅट लाइक दॅट."

मोठा करून बघितला. डाव्या हाताचा अंगठा मुठीत दाबलेला. डॉक्टरकडे, बँकेत, माझ्या लग्नात. आई कायम तशीच बसायची. उभी ती कधी नव्हतीच. वेण्या, पुस्तक, सगळं मीच घातलेलं.

मोहनला फोन लावायला गेले तर त्याचा मेसेज आधीच येऊन पडलेला — "ताई, तुझं ऐकलं हं त्यानं. बाईला लगेच बेसिनपाशी हलवलं."