हॉलमधलं की हातातलं

शुक्रवार, १२ सप्टेंबर

जेवताना विनायकने जाहीर केलं — दुर्गापूजेच्या सुट्टीआधी शर्वरीला खेळायचं यंत्र घेणार. एकच! मग पाच वर्षं दुसरं मागायचं नाही. बाजारात दोन नवी आलीत म्हणे. एक टीव्हीला जोडायचं, एक हातात धरून कुठेही न्यायचं. दोन कंपन्यांची जुंपली आहे. जे मागे पडेल त्याचे नवे खेळ निघायचे बंद, म्हणजे घेतलेलं यंत्र माळ्यावर.

"मग टिकणार कुठलं?" सूनबाईंनी, लीनाने विचारलं.

"आईला विचार. मिरजेला कुठली कॅसेट चालणार ते तिनेच सांगितलं होतं."

मला वाटलं, लेक थट्टा करतोय. पण शर्वरीने कानातले इयरफोन काढले. "आजी, तू बोलशील ते फायनल."

तेरा वर्षांची नात. या महिन्यात माझ्याशी बोललेलं तिचं सगळ्यांत लांब वाक्य!

शनिवार, १३ सप्टेंबर

आमची मिरजेची व्हिडिओ लायब्ररी आठवत बसले. तेव्हाही अशीच झुंज — छोटी कॅसेट की मोठी. हे म्हणायचे, छोटीचं चित्र कसं लख्ख, तीच भरू. मी सातवी शिकलेली, मला चित्रातलं काय कळणार! पण काउंटरवर बसायचे मी. गिऱ्हाईक चित्राबद्दल अवाक्षर काढायचं नाही. विचारायचं एवढंच — आमच्या शेजारी कुठली चालते हो? म्हणजे आपसांत अदलाबदल करता येते. मी म्हटलं, डोळे मिटून मोठी भरा. यांनी ऐकलं, दुकान तरलं.

तेवढीच माझी विद्या. शेजारी काय आहे ते बघायचं.

तरी दुपारभर यूट्यूब ऐकलं. ती मुलं काय घसा फोडतात, बाई! स्पीड काय, ग्राफिक्स काय. शेजाऱ्यांबद्दल एकाने तोंड उघडलं नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

शर्वरीला दुभाषी म्हणून खाली नेलं. यायला तयारच नव्हती, हाताला धरून नेलं. गल्लीच्या तोंडाशी पूजेच्या मांडवाचे बांबू उभे राहिलेत, तिथे संध्याकाळी तिच्या बरोबरीच्या मुली बसतात. माझं बंगाली म्हणजे भाजीवाल्यापुरतं.

आम्हाला बघून एक ओरडली, "बर्गी एसे गेछे!" म्हणजे बर्गी आले! सगळ्या खिदळल्या. बर्गी म्हणजे आपले मराठे घोडेस्वार. कधीकाळी इकडे लुटालूट करायला आले होते ना! त्यांना अडवायला खणलेला खंदक या बागबाजारातूनच सुरू व्हायचा. इतकी वर्षं झाली, तरी पोरींच्या तोंडी आहे! मलाही हसू आलं. खोडकर वय.

शर्वरीने दोघी-तिघींना विचारलं आणि "मला क्लास आहे" म्हणून वर पळाली. मग मीच खुणा केल्या. दोन्ही हात फाकवले की टीव्हीचं, अंगठे नाचवले की हातातलं. पोरी हसून हसून लोळायच्या बाकी. "माशीमा, आबार!" म्हणजे मावशी, पुन्हा करा!

उत्तर मात्र पक्कं मिळालं. एकजात सगळ्यांचे अंगठे. काहींकडे आलंय, काहींचं पूजेला येतंय. हातातलंच जिंकणार.

सोमवार, १५ सप्टेंबर

शर्वरी शाळेतून आली. "जेवतेस?" "नंतर." दार बंद. लेक-सून यायला रात्र होते. तोवर मी, हॉल, आणि खाली ट्रामची घंटा.

हातातलं यंत्र म्हणजे त्या दाराला आणखी एक कडी.

टीव्ही हॉलमध्ये आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर

"टीव्हीचं घ्या," मी म्हणाले.

कारणं काय, सुचतील तशी ठोकून दिली. मोठं चित्र, डोळ्यांना बरं, लोक शेवटी घरीच बसून खेळतात. विनायक म्हणाला, "बघ, याला म्हणतात अनुभव." शर्वरी नुसतं "ओके" म्हणाली. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती, की मलाच तसं वाटलं?

आमटीत मीठ दोनदा पडलं.

रविवार, २१ सप्टेंबर

यंत्र आलं! विनायक-लीना खाली वाकून वायरी जोडत होते. शर्वरी माझ्या पायाशी सतरंजीवर बसली. पडद्यावर एक टोपीवाला पोरगा दऱ्या ओलांडतो, पडतो, पुन्हा उठतो. मला काही कळत नाही, पण तो पडला की माझ्या तोंडून "अगं आई!" निघतं, आणि ती हसते.

किती दिवसांनी या घरात संध्याकाळ झाली.

गुरुवार, २५ सप्टेंबर

खिडकीतून पाहिलं. मांडवाशी सगळ्या पोरी डोक्याला डोकं लावून बसलेल्या, हातात तेच यंत्र. हसणं इथवर ऐकू येतं. शर्वरी आत एकटी.

"खाली नाही जात?"

"नाही."

"मग त्यांना वर बोलव. मी धिरडी घालते."

"त्यांचा गेम यावर चालत नाही, आजी."

शेजारी काय आहे ते बघायचं! जन्मभर जपलेली एवढीशी विद्या, ती मी नेमकी या पोरीच्या वेळी गुंडाळून ठेवली. मला सोबत हवी म्हणून तिची सोबत तोडली. ती माझ्या पायाशी बसते आणि मला बसवत नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

ताट अर्धं टाकून उठले. लीना म्हणाली, "आई, डॉक्टरकडे जायचं का?" नको म्हटलं. यावर कसलं औषध!

सोमवार, २९ सप्टेंबर. सप्तमी

खाली ढाक वाजतोय, इकडचा पूजेचा मोठा ढोल. विनायक-लीना मांडव बघायला गेली, शर्वरी घरीच राहिली. सांगून टाकलं सगळं. खोटं बोलले, म्हटलं. माझ्यासाठी बोलले.

तिने खेळ थांबवला नाही. "मला माहिती होतं. माझ्याच क्लासमधल्या मुली आहेत त्या. कोणाकडे काय आहे, मला नाही कळत?"

"मग तेव्हा गप्प का राहिलीस गं?"

"हातातलं असतं तरी त्यांनी बर्गीला खेळात घेतलं नसतं."

मग तिने दुसरा कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला.

"हे बटण म्हणजे उडी."