खाऊगल्लीतलं अस्वल

४ मार्च

मॅनेजरसाहेब सकाळी कँटीनमध्ये आले. उभ्या उभ्या बोलले, बसले नाहीत. पार्कच्या गेटबाहेर नवा रस्ता सुरू होतोय. नाव डायनिंग डिस्ट्रिक्ट. ओळीनं नुसती रेस्टॉरंट. म्हणजे खाऊगल्लीच, पण तसं म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. स्टाफला जेवणाची कूपनं मिळणार. तिकडेही चालतील, आमच्याकडेही चालतील. महिनाअखेरीला बघणार लोक कुठे जेवतात ते. आमच्याकडे कुणी येत नसेल तर कँटीन बंद, आणि त्या जागी सायकल स्टँड.

मी म्हटलं, खुशाल बघा.

घाबरण्यासारखं काही नाही. पार्कात पहिला पाळणा लागला तेव्हापासून हे कँटीन मी चालवते. आहारशास्त्र कॉलेजात शिकले आहे, ऐकीव नाही. दिवसाला एक भाजी, भात, सूप. भिंतीवर पाटी: आज जे आहे ते. ताटात काही टाकायचं नाही. आणि माझा मुख्य नियम, पार्कात पोशाख घालून फिरणाऱ्या प्रत्येक सोंगाला लागू: सोंगाचं डोकं बाहेर काढून ठेवायचं. त्यासाठी दाराशी मांडणीच केली आहे. ससा असो, राक्षस असो, माझ्या बाकावर माणूस म्हणून बसायचं.

धाकटी जाऊ मदतीला असते. तिचं आपलं सुरू झालं, ताई, निदान दोन भाज्या करून बघू या का? मी म्हटलं, आज दोन भाज्या मागतील, उद्या बाकांना पाठ मागतील. ती म्हणाली, पाठ तर सगळ्यांचीच दुखते. दुर्लक्ष केलं.

८ मार्च

खाऊगल्ली उघडली. बँड, फुगे, दिवसाढवळ्या दिवे.

दुपारी आमच्याकडे गेटवरचा वॉचमन आणि तिकीट खिडकीतली बाई, बस्स. चाच्यासुद्धा आला नाही. हा म्हणजे जहाजाच्या पाळण्यावर समुद्री चाच्याचं सोंग घेऊन तलवार फिरवणारा. त्याला सगळे चाच्याच म्हणतात. रोज पहिला नंबर त्याचा.

उपास असेल. सगळ्यांचा एकाच दिवशी असू शकतो.

कोबी बराच उरला.

९ मार्च

आज भोपळा. तोही उरला. वॉचमन आला होता, पण कूपन तिकडे नक्की चालेल ना, एवढंच विचारायला.

धाकटी म्हणाली, ताई, एकदा जाऊन तर बघा, ते काय देतात आणि आपण काय देतो. मी म्हटलं, त्या गल्लीत माझं पाऊल पडणार नाही. मग विचार केला, शत्रूची पाहणी केल्याशिवाय त्याला हरवणार कसं? पाहणी करायचीच. सगळ्या रेस्टॉरंटांची. दोष शोधायचे आणि महिनाअखेरीला मॅनेजरसाहेबांना तोंडावर सांगायचे.

अडचण एकच. मला सगळे ओळखतात. मी त्या दारात दिसले की गावभर होईल, बाई स्वतःच तिकडे जेवतात.

संध्याकाळी उपाय सापडला. हे पार्कच्या पोशाखघरात आहेत. सोंगांच्या शेपट्या शिवणं, कान चिकटवणं हेच यांचं काम. तिथे कोपऱ्यात एक जुनं अस्वल पडून आहे. नाकात दिवा लागणारं नवं अस्वल आलं, तेव्हापासून याला कुणी विचारत नाही. म्हटलं, मला द्या.

यांनी अस्वल झटकून पुढे ठेवलं. मग सांगितलं की सोंगाचे दोन नियम असतात. मुलांसमोर डोकं काढायचं नाही, आणि काही झालं तरी बोलायचं नाही. मी म्हटलं, मला गप्प बसता येतं. यांनी विचारलं, हे कधी पाहायला मिळेल?

पुरुषांना प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचते.

१० मार्च

पहिली पाहणी. नूडल्सचं रेस्टॉरंट. प्रत्येक टेबलाशी रूळ, आणि त्यावरून खेळण्यातली आगगाडी वाडगा घेऊन येते. शिट्टी वाजवते. एवढ्याशा वाडग्यासाठी एवढं इंजिन! माणसाला हातानं वाढायला काय झालं?

अस्वलाचा जबडा आतून दोरी ओढली की उघडतो. एका हातानं दोरी, दुसऱ्यानं नूडल्स. निम्म्या आत गेल्या, निम्म्या अस्वलाच्या हनुवटीवर लोंबत राहिल्या. भोवती मुलं जमली. टाळ्या वाजवत होती. त्यांना वळण नाही.

मीठ जास्त. रस्सा तिखट. पूर्ण संपवला, कारण अन्न टाकणं मला मान्य नाही. दुसरा वाडगाही संपवला, कारण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं.

कूपन पुढे केलं तर टोपीवाल्या मुलीनं घेतलं नाही. म्हणाली, तुमच्याकडून काय घ्यायचं, तुम्ही तर आपले. ही सरळ लाच झाली. पण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

१२ मार्च

दुपारचं कँटीन धाकटीवर सोपवलं आहे. सक्त सूचना दिल्या. भाजी एकच. पाटीला हात लावायचा नाही. ती हो ताई, हो ताई म्हणाली. इतकं पटकन हो म्हणणं तिच्या स्वभावात नाही, पण माझ्या धाकात राहून सुधारली असेल.

दुसरी पाहणी. उलटी करून ठेवलेली होडी, तिच्या पोटात पॅनकेकचं दुकान. एकावर एक चळत, वरून पाक. पाक अस्वलाच्या छातीवर सांडला. घरी हे अस्वलाच्या केसांवरून ओलं फडकं फिरवत बसले होते. म्हणाले, कसं होतं? मी म्हटलं, अति गोड, अति मऊ, कुणी परत जाणार नाही.

१३ मार्च

होडीत परत गेले. काल पाक सांडल्यामुळे चव नीट कळली नव्हती.

शेजारच्या टेबलावर एका मुलीनं गाजरं बाजूला काढून ठेवली होती. मी समोर जाऊन कमरेवर हात ठेवला आणि ताटाकडे बोट दाखवलं. तिनं एक खाल्लं. मी बोट हलवलं नाही. तिनं सगळी खाल्ली. तिच्या आईनं फोटो काढला आणि म्हणाली, घरी या ना आमच्या.

शिस्त कुठेही चालते. खाऊगल्लीतसुद्धा.

१६ मार्च

आजचं रेस्टॉरंट म्हणजे कमाल. टेबलाच्या मधोमध तापलेला तवा. कच्चं सामान आणून देतात आणि आपणच भाजून घ्यायचं! घरी रोज हेच करते मी, आणि यासाठी लोक रांगेत उभे!

शेजारचं कुटुंब वांगं जाळत होतं. बघवेना. त्यांच्या हातातला चिमटा काढून घेतला. मग त्यांच्या शेजारच्यांचं भाजून दिलं. मग खिडकीपाशी बसलेल्यांचं. नंतर पाहते तर दाराबाहेर रांग वळणापर्यंत गेलेली, आणि लोक आत डोकावून विचारत होते, ते अस्वल आहे का आज?

ही गर्दी नव्याचे नऊ दिवस. ओसरेल.

परत आले तर कँटीनभर कांदा परतल्याचा वास. आज उकडलेला फ्लॉवर ठरला होता. धाकटीला विचारलं. ती म्हणाली, ताई, दिवसभर अस्वलाच्या डोक्यात राहून तुमच्या नाकाचं काही खरं राहिलेलं नाही.

म्हणजे तिला अस्वलाचं माहीत आहे. यांनीच सांगितलं असणार. असो, घरातल्या घरात आहे. बाहेर कुणाला संशय नाही.

चाच्या मागच्या दारानं मिशा पुसत जाताना दिसला. माफी मागायला आला असेल, मी नाही म्हणून परत गेला.

१९ मार्च

आइसक्रीम. कुंडीत देतात, वर चॉकलेटची माती आणि पुदिन्याचं रोप. कुंडीत झाडं लावावीत, खाऊ नये. तीन कुंड्या तपासल्या.

रात्री यांना अस्वलाची पाठीची चेन लागेना. मी म्हटलं, कापड आटलंय. हे म्हणाले, हो, जुनी अस्वलं आटतात. आणि कात्री घेऊन शिवण उसवायला बसले. वादावादी केली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात मलाच यांना वळण लावता आलं.

२३ मार्च

होडीवाल्यांनी माझ्यासाठी मोठी खुर्ची आणून ठेवली आहे. पाठ असलेली. पाठीवर लिहिलंय: अस्वलभाऊ. भाऊ! पण हरकत घ्यायची तर बोलावं लागतं.

खुर्ची मात्र बरी आहे. पाठीला आराम पडतो. हा मुद्दा मॅनेजरसाहेबांना सांगायचा नाही.

आता आया मुलांना घेऊन सरळ माझ्यापाशी येतात. पालक न खाणारी, दूध सांडणारी, हात न धुणारी. मी नुसतं बोट करते. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. मी मात्र ठाम आहे. गर्दी म्हणजे दर्जा नव्हे. हे सगळं एकदा मुळापासून बंद झालं पाहिजे.

उद्या फक्त शेवटचा आढावा. नूडल्स आणि होडी. वाटेत कुंडी.

२७ मार्च

आज थोडक्यात वाचले.

नूडल्सवाल्यांकडे चाच्या दोन मित्रांबरोबर बसला होता. निम्मा वाडगा तसाच टाकून उठला. माझ्या डोळ्यांदेखत! किती वर्षं याला ताट पुसून खायला शिकवलं! तोंडातून निघून गेलं, बस खाली, संपव ते!

सगळं रेस्टॉरंट वळून बघायला लागलं. आगगाडीसुद्धा थांबल्यासारखी वाटली. चाच्या तलवारीसकट खाली बसला, म्हणाला, हो बाई, आणि मान खाली घालून संपवून टाकलं.

नशीब, अस्वलाच्या डोक्यातून आवाज निराळाच घुमतो. कुणीही ओळखलं नाही.

३० मार्च

उद्या निकाल. मॅनेजरसाहेब दुपारी कँटीनमध्ये येणार. मी माझ्या साडीत, माझ्या चेहऱ्यानं हजर राहणार. भाषण पाठ झालं आहे. मीठ, पाक, कुंड्या, तवा, आगगाडी. क्रमानं.

खरं सांगायचं तर, इथे लिहायला हरकत नाही, थोडी धाकधूक आहे. जवळजवळ तीन आठवडे दुपारचं कँटीन मी पाहिलेलं नाही. वॉचमन आणि तिकीट खिडकीतली बाई, या दोन माणसांच्या जीवावर कँटीन वाचायचं नाही. सायकल स्टँड झाला तर सकाळी उठून मी जायचं कुठे? यांना विचारलं. हे सुईत दोरा ओवत म्हणाले, तू उद्या जाऊन तर बघ.



३१ मार्च

गेले. दाराशी रांग. मांडणीवर डोकी मावत नव्हती. ससे, राक्षस, नाकात दिवा लागणारं नवं अस्वलसुद्धा. काही डोकी जमिनीवर, एक झाडाला टांगलेलं. मला वाटलं, कँटीन बंद करू नका म्हणून सगळे माझ्यासाठी जमले आहेत. डोळे भरून आले. म्हटलं, बाळांनो, शांत राहा, मी बोलते साहेबांशी. चाच्या म्हणाला, बाई, रांगेत या, मागचे ओरडतील.

आत तीन भाज्या. बाकांना पाठी. पोशाखघरातल्या उरलेल्या लाकडाच्या, यांच्या हातच्या. मी पाहताक्षणी ओळखल्या. भिंतीवरची पाटी पुसलेली आणि तिथे धाकटीच्या अक्षरात: आज काय घेणार?

मॅनेजरसाहेब जेवत होते. बसून. दुसऱ्यांदा वाढून घेत होते. मी भाषणाला सुरुवात केली, मीठ म्हणून. त्यांनी मिठाची वाटी पुढे केली.

मग तेच बोलले. कँटीन राहणार. स्टाफ खाऊगल्लीत एकदा जातो आणि इथे रोज येतो. यापुढे चालवायचं धाकटीनं, स्टाफनं तसं एकमुखानं मागितलं आहे. आणि गल्लीही जोरात चालली आहे, ती अस्वलामुळे. नव्या अस्वलाच्या नाकात दिवा आहे, पण ते मुलांना पालक खायला लावू शकत नाही. तेव्हा अस्वलानं कायमचं कामावर यावं, बाई.

अस्वलाला बाई म्हणाले. मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत? ते म्हणाले, पहिल्या दिवसापासून. अस्वल नूडल्स खायला बसलं आणि आधी पंजानं टेबल पुसलं. मागून चाच्या म्हणाला, आणि मग दुसऱ्यांचीही पुसली.

सगळे हसले. धाकटी हसली नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, ताई, राग मानू नका, पण तुम्ही बोलत नाही तेव्हा लोकांना तुमची फार माया वाटते.

हे कौतुकच आहे. मी तसंच घेतलं.

१ एप्रिल

अस्वलाचं काम पत्करलं. कुणी सांगितलं म्हणून नाही. कँटीन आणि गल्ली, दोन्हीकडे लक्ष ठेवायचं तर तीच जागा सोयीची. धाकटीला वरवरची देखरेख करू दे.

सकाळी बारा मुलांना पालक खायला लावला. दुपारी जेवायला कँटीनवर गेले. सवयीनं सरळ आत शिरत होते, तर धाकटी दारात आडवी. म्हणाली, ताई, नियम तुमचाच आहे. डोकं बाहेर.

मांडणीवर जागा करून ठेवलं. रांगेत उभी राहिले. पुढे चाच्या, मागे ससा.

नंबर आला. धाकटीनं डाव उचलला आणि विचारलं, आज काय घेणार? फ्लॉवर, वाटाणा की बटाटा?

आयुष्यात हे मला कुणी विचारलं नव्हतं. फ्लॉवर म्हणावं तर वाटाणा चांगला दिसत होता. वाटाणा म्हणावं तर बटाट्याला वास सुटला होता. मागे रांग खोळंबली. ससा म्हणाला, बाई, लवकर सांगा, पुढचा खेळ दोनचा आहे.

शेवटी ताट पुढे केलं आणि म्हटलं, आज जे आहे ते.