केनच्या शेजारी कोण?

ॲडलेड, ४ सप्टेंबर २०२४

चि. राजास, यमुनाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि तू ओरडलास की तुझ्या लेकाच्या, रुपेशच्या शेजाऱ्यांना वाटतं घरात भांडण लागलंय. म्हणून पत्र. गुडघा कसा आहे? नातवाशी गट्टी जमली का?

एक काम आहे. आमच्या शेजारच्या डोरीनबाईंचा थोरला भाऊ केन महायुद्धात इथल्या हवाई दलात होता. १९४४ साली बॉम्बफेक करून परतताना त्यांचं विमान तुमच्या भागात पडलं, सातही जण गेले. म्युनिकच्या पुढे ड्युर्नबाखला युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे, तिथे त्यांना पुरलंय. केन विमानाच्या शेपटीत मशीनगन घेऊन बसायचा, बाकीच्यांपासून लांब, रात्रभर एकटा. तिथेही तो असाच वेगळा पडलाय का, एवढंच बाईंना जाणून घ्यायचंय. इंटरनेटवर नुसता थडग्याचा नंबर मिळतो. बाईंची नजर गेलीय आणि डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत म्हणून सांगितलंय. गुडघा कुरवाळत बसण्यापेक्षा जाऊन ये.

तुझी, ताई

गार्चिंग, ३ ऑक्टोबर २०२४

ती. यमुनाताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा म्हणजे काय, निघालोच. काल सर्वपित्री अमावास्या होती, म्हणून मुद्दाम कालच गेलो. रुपेशला ऑफिस, वेदला शाळा. भुयारातली उ-बान, मग रेल्वे, मग बस, आणि एकदाही चुकलो नाही.

फाटकाशी सवयीने बूट काढले आणि ओल्या गवतातून मोज्यांवर चालत गेलो. माळी बूट घेऊन ‘आल्झो, आल्झो’ असं काहीसं जर्मनमध्ये म्हणत मागे धावला.

बाईंना सांग, केन वेगळा नाही. सातही दगड एका ओळीत, खांद्याला खांदा लावून आहेत. केन मधोमध. वय एकवीस. मी तीळ-पाणी दिलं. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात, तसं म्हटलं. आपलंही काश्यपच, तेव्हा पोरगा आता घरचाच झाला.

मग बसलो त्याच्यापाशी. वेदला माझं मराठी समजतं, पण तो उत्तर जर्मनमध्ये देतो आणि ते मला समजत नाही, त्यामुळे आमच्या गप्पा लवकर संपतात. केनशी मात्र संध्याकाळच्या बसपर्यंत बोललो. बरं वाटलं.

तुझा, राजा

ॲडलेड, १८ ऑक्टोबर २०२४

चि. राजास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाईंना इंग्रजी करून सांगितलं. ‘खांद्याला खांदा’ त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग माझा हात धरून विचारलं, ‘तुझ्या भावासोबत कोण गेलं होतं?’

मी म्हणाले, मुलगा आणि नातू. बाईंना हायसं वाटलं. काल सकाळी त्या झोपेतच गेल्या.

त्यांच्याशी खोटं बोलले, त्याचं मला काही नाही. पण घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. राजा, तुला बोलायला तिथे फक्त एक दगड आहे. रुपेशला आजच कळवतेय. तिकडच्या हिवाळ्यापुरता इकडे ये. मला ऐकू येत नाही हे खरं, पण मी समोर बसेन.

लोभ कागदावर पुष्कळ झाला, आता प्रत्यक्ष ये.

तुझी, ताई