ओव्हनची पॉवर

सोमवार, ३ मार्च
ओव्हन आला. ही हरखून गेली आहे. सोळा तारखेला, रविवारी, हिच्या जुन्या ऑफिसातल्या मॅडमचा निरोपसमारंभ. पाच केकची ऑर्डर, आयुष्यातली पहिलीच. जमलं तर त्या ऑफिसचे सगळे वाढदिवस हिच्याकडे येणार. बिघडलं तर नोकरी सोडल्याबद्दल लोक काय काय बोलतील ते हिला पाठ आहे.
ही लगेच प्लग लावायला निघाली. अडवलं. या घरात यापुढे अंदाजपंचे काही होणार नाही, असं ठणकावून सांगितलं. आधी व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स, पॉवर. मग केक.

मंगळवार, ४ मार्च
मीटर आणला. पिवळा. शाळेत विज्ञानात माझा हात कोणी धरू शकत नसे. मार्क पडले नाहीत तो तपासणाऱ्याचा दोष.
व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. संपलं. लोक उगाच बाऊ करतात.
सॉकेटमध्ये दोनशे तीस व्होल्ट. ओव्हनवर छापलंय दोन हजार वॉट. म्हणजे करंट पावणेनऊ अँपिअरच्या आसपास, रेझिस्टन्स साधारण सव्वीस ओहम. उद्या मोजून सव्वीसवर शिक्कामोर्तब.

बुधवार, ५ मार्च
भयंकर. सव्वीस नाही. पाच लाख!
चूक माझी असणं शक्य नाही. प्लग सॉकेटबाहेर, ओव्हनचं बटण बंद. सुरक्षितता प्रथम. मीटरच्या तारांची टोकं प्लगच्या पायांवरून घसरत होती, म्हणून दोन्ही हातांच्या बोटांनी घट्ट दाबून धरली. असं कोण करतं इतकं मन लावून?
हिशेब: दोनशे तीस भागिले पाच लाख, अर्धा मिलिअँपिअरही करंट नाही. गुणिले दोनशे तीस. एक दशांश वॉट. दोन हजार सांगून एक दशांश! दुकानदाराने तोंडाला पानं पुसली.
ही म्हणाली, एकदा बटण दाबून बघा ना, गरम होतो का ते. सूत्र हाताशी असताना बटण दाबायचं? हिला समजावण्यात अर्थ नाही.

गुरुवार, ६ मार्च
ऑफिसला दांडी. बटणं बंद ठेवूनच इस्त्री मोजली. साडेचार लाख. मिक्सर, पाच लाख. किटली, तेवढेच. घरातलं एकही उपकरण धड नाही. इतकी वर्षं आपण बिनपॉवरचा चहा पितोय. ही म्हणाली, पण चहा तर गरम असतो. काही गोष्टींचा आधी अभ्यास लागतो.

शनिवार, ८ मार्च
बटणावरून कडाक्याचं भांडण. मी तावातावाने, घामाघूम होऊन, पुन्हा ओव्हन मोजला. एक लाख! म्हणजे अर्धा वॉट. पाचपट सुधारणा. ओरडल्याचा यंत्रावर परिणाम होतो असं दिसतं. पंख्याखाली बसून चहा घेतला, परत मोजलं. पुन्हा पाच लाख. माल अत्यंत बेभरवशाचा.

सोमवार, १० मार्च
ही घरात नसताना ओव्हन रिक्षात घालून दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, साहेब, इथेच लावून दाखवतो. मी त्याला हात लावू दिला नाही. या लोकांच्या हातचलाख्या मला माहीत आहेत. त्याचा दुसरा ओव्हन मोजला. पाच लाख. तिसरा. पाच लाख. शेवटी त्याने हात जोडले आणि माझा ओव्हन मुकाट्याने परत घेतला. तत्त्वाचा विजय.
ही आल्यावर ओट्यावरच्या मोकळ्या जागेकडे बघत उभी राहिली. रविवारी मी केक कशात करू, एवढंच विचारलं. म्हटलं, त्याआधी खरा दोन हजार वॉटचा ओव्हन शोधून काढतो. शब्द दिला.

शुक्रवार, १४ मार्च
आणखी चार दुकानं पालथी घातली. सगळीकडे पाच लाख. त्यापुढच्या दुकानात मला बघून शटर ओढलं.
ही सकाळीच मैदा, साचे आणि वजनकाटा घेऊन मेव्हणीकडे गेली. जाताना भांडली असती तर बरं वाटलं असतं.

रविवार, १६ मार्च
साडूचा फोन. केक अप्रतिम झाले. मॅडमनी दोनदा मागून घेतला. पुढच्या महिन्याची ऑर्डर तिथल्या तिथे मिळाली. मी विचारलं, ओव्हन कुठला? साडू म्हणाला, तुम्ही परत केलात तोच. दोघी बहिणी दुकानात गेल्या, बटण दाबून पाहिलं, उचलून आणला.
ओव्हन आता तिकडेच राहणार. ही रोज सकाळी तिकडे जाणार आणि कामं उरकली की येणार.

सोमवार, १७ मार्च
घरी एकटा. ओटा रिकामा. ही नसल्यामुळे करमत नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.
सवयीने मीटर काढला. मोजायला काहीच नव्हतं. तारांची टोकं नेहमीसारखी बोटांत दाबून धरली.
पाच लाख.
टोकं सोडली. मीटर कोरा. धरली. पाच लाख.
डायरीतलं पाच तारखेचं पान काढून वाचलं. बटण बंद, म्हणजे ओव्हनमधून करंटला वाट नव्हतीच. वाट होती ती एका हातातून दुसऱ्या हातात. इस्त्री, मिक्सर, किटली, पाच दुकानं, सगळीकडे मी मलाच मोजत आलो. घाम आला की एक लाख, वाळला की पाच लाख. आणि पॉवर, एक दशांश वॉट.
हिशेब तीनदा तपासला. बरोबर आहे.
एवढ्यात हिचा फोन. यायला उशीर होईल, जेवून घ्या म्हणाली. मग, काय करताय, असं विचारलं.
काही नाही, म्हटलं. एवढं उत्तर मात्र मी मोजून दिलं होतं.