सातव्या होलवरच्या एकेचाळीस काचा

प्रति,
मा. नगररचना संचालक,
सेजवेल नगरपालिका, अ‍ॅरिझोना.

विषय : गोल्फ मैदानाविरुद्ध केलेल्या माझ्या एकेचाळीस तक्रारी परत मिळणेबाबत.
संदर्भ : मैदानावर तीनशे बारा घरे बांधण्याच्या प्रस्तावाची आपली जाहीर सूचना.

महोदय,

मी, श्रीमती लोरेन हॅवरकॅम्प, वय ८२, राहणार गोल्फ मैदानाच्या सातव्या होलच्या (चेंडू घालायच्या सातव्या खड्ड्याच्या) कुंपणालगत, आपणांस कळविते की :

१. गेल्या सव्वीस वर्षांत गोल्फच्या चेंडूंनी माझ्या स्वयंपाकघराची काच एकेचाळीस वेळा फोडली व दर वेळी मी आपल्याकडे तक्रार केली. 'मैदानाला एकदाचे टाळे लावा' असेही लिहिले. रागाच्या भरात लिहिले, पण लिहिले.

२. बिल्डरने प्रस्तावाला त्याच तक्रारी जोडून 'रहिवाशांनाच मैदान नको आहे' असे म्हटले आहे. हे रहिवासी म्हणजे मी एकटी! सूचना लागल्यापासून गल्लीत माझ्याशी कोणी धड बोलत नाही. रविवारी चर्चच्या सहभोजनात माझ्या बटाट्याच्या सॅलडला कोणी चमचासुद्धा लावला नाही. शेजारी श्री. अर्ल टिबेट्स (वय ८६) तेवढे बोलले : "काय लोरेनबाई, मिळाली ना शांतता? आता चेंडूऐवजी तीनशे बारा बिऱ्हाडं बघा खिडकीतून!" एकेचाळिसांपैकी तेवीस काचा याच गृहस्थांनी फोडलेल्या आहेत, याची नोंद घ्यावी.

३. बाकीचे काच फोडून टोपी खाली ओढून पसार होत. श्री. टिबेट्स मात्र दर वेळी दार वाजवून माफी मागत. माझे पती गेल्यापासून माझे दार वाजवणारे तेवढेच. मैदान गेले तर तेही बंद होईल. हे मी कोणत्याही तक्रारीत लिहिले नव्हते, ही माझी चूक.

४. तक्रार परत देण्याची तरतूद नाही, असे आपल्या कारकुनाने फोनवर सांगितले. तरतूद करा. तोवर प्रस्तावाच्या सुनावणीच्या दिवसापासून मी माझी गोल्फगाडी सातव्या होलवर आडवी लावून बसणार आहे. खुशाल पोलीस पाठवा. सॅलड भरपूर उरले आहे, त्यांनाही वाढीन.

५. आज सकाळी पावणेआठ वाजता बेचाळिसावी काच फुटली. पाठोपाठ दार वाजले. मी कॉफी केली. याबाबत माझी काहीही तक्रार नाही.

आपली नम्र, परंतु जागची न हलणारी,
लोरेन हॅवरकॅम्प
१४ मार्च

सोबत :
१) काचेचा तुकडा (जपून उघडावे).
२) चेंडू जोडलेला नाही. श्री. टिबेट्स यांना परत दिला. त्यांना उद्या लागेल.